पायरीवरचा नारळ

सहा महिने नाही म्हणणारा माणूस एका दिवसात हो म्हणाला, तर कुणालाही शंका यावी. तृप्तीला आली नाही. तिला आनंद झाला, आणि आनंदात माणसाचं डोकं जरा कमीच चालतं.

तिला नाशिकला एम.एस्सी. करायची होती, सूक्ष्मजीवशास्त्रात. तिचे वडील निवृत्ती त्याला 'ते किड्यांचं शिक्षण' म्हणायचे. सायखेड्याला त्यांचा गोदावरीकाठी मळा होता. मळ्यात वांगी होती, मेथी होती, बांधाला झेंडू होता, आणि वांग्यांच्या एका कोपऱ्यात दर वर्षी रोपं उभ्या उभ्या माना टाकायची. आजोबांच्या वेळेपासून टाकायची. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी तृप्तीनं त्या कोपऱ्यातली चिमूटभर माती कॉलेजात नेली, काचेच्या बशीत वाढवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तिथं काहीतरी होतं, जे बाकीच्या मळ्यात नव्हतं. ते काय आहे हे सांगणारं तिच्या कॉलेजात कुणी नव्हतं. नाशिकच्या विद्यापीठात होतं. तेव्हापासून तिनं घरात एकच धोशा लावला होता.

निवृत्तीचंही एकच म्हणणं होतं. "शिक्षणाला माझी ना नाय. पर राहशील कुठं ते सांग. रोज दोन गाड्या, मधी द्वारकेच्या चौकात उतरून त्या गर्दीत उभं राहायचं, चार तास रस्त्यातच जाणार. आन् हॉस्टेलला पोरगी ठेवायची नाय म्हंजी नाय."

प्रवेश परीक्षेच्या फॉर्मची मुदत जवळ येत चालली, तशी ती घरात पाय आपटत फिरायची आणि मेथीच्या जुड्या नको इतक्या घट्ट बांधायची.

मग संक्रांत झाली. संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी निवृत्ती मळ्यातून आले, पाय धुतले आणि म्हणाले, "उद्या त्यांचा तो भेट दिवस हाय ना? चल, बघून येऊ तुझं कॉलेज."

तृप्तीनं ओट्यावरची कळशी लवंडली. "खरंच, आप्पा?"

"मंग काय खोटं?"

सकाळी तिच्या आईनं, उज्वलानं, कपाटातून मोरपंखी साडी काढली. कॉलेज बघायला साडी कशाला, म्हणून तृप्ती हसली. बरीच घासाघीस झाली. शेवटी नवा पंजाबी ड्रेस आणि आईची सोन्याची कानातली यावर तडजोड झाली. गजरा मात्र तिनं साफ नाकारला. ती आरशापुढून उठली तर उज्वला पदरानं डोळे टिपत होती.

"अगं, संध्याकाळी परत येतेय मी."

"कांदा चिरत व्हते," उज्वला म्हणाली. घरात कांदा कुठंच चिरलेला नव्हता. तृप्तीनं तेही मनावर घेतलं नाही.

निवृत्तीनं कडक इस्त्रीची टोपी घातली. मोटरसायकलच्या टाकीवर मोठी पिशवी ठेवली: मेथी, वांगी, हरभऱ्याचे टहाळ आणि वर झेंडूची फुलं. कॉलेजात भाजी न्यायची या कल्पनेनंच तृप्तीच्या अंगावर काटा आला, पण आज ती कशालाच नाही म्हणणार नव्हती. द्वारकेच्या चौकात सिग्नलला पाच मिनिटं अडकले, तेव्हा निवृत्ती मान वळवून म्हणाले, "बघ, ही गर्दी. रोज कसं जमायचं?" पण आवाजात नेहमीची कुरकुर नव्हती. उलट स्वारी खुशीत दिसत होती.

विद्यापीठाचं आवार शहराच्या टोकाला होतं. मोठमोठी झाडं, लांबलचक रस्ता, आणि ज्यांना कसलीच घाई नाही अशी पोरंपोरी. तृप्तीनं मोटरसायकलवरून उतरताना उगाचच ओढणी सारखी केली. आपल्याला इथं यायचंय, हे तिला त्या घटकेला पोटातून वाटलं.

सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या दारात नोंदणीच्या टेबलावर एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, चापूनचोपून नेसलेली साडी, कपाळाला ठसठशीत कुंकू. विभागातल्या क्लार्क, छायाबाई. त्यांनी तृप्तीचं नाव लिहायच्या आधीच हसून म्हटलं, "आलात? रस्ता सापडला ना?" आणि निवृत्तीनं भाजीची पिशवी सरळ त्यांच्या हातात दिली.

तृप्तीला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण छायाबाईंनी पिशवीत डोकावून मेथीचा वास घेतला. "घरची दिसतेय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आत बघून हाक मारली, "दीपक, यांना सगळं नीट दाखव रे."

दीपक हा छायाबाईंचा मुलगा. तिथल्याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता. उंच, चष्मा लावलेला, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा. पण यंत्रांपाशी गेला की त्याला कंठ फुटायचा. त्यानं तृप्तीला जंतू वाढवायची खोली दाखवली, मोठा सूक्ष्मदर्शक दाखवला, आणि तिनं त्या कोपऱ्यातल्या मातीची गोष्ट सांगितली तेव्हा तो तिला थेट विभागप्रमुख मॅडमांसमोर घेऊन गेला.

मॅडमांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये तीन प्रश्न विचारले. दोन प्रश्नांची उत्तरं तृप्तीला आली, तिसऱ्याला ती म्हणाली, "माहीत नाही." मॅडम पहिल्यांदा हसल्या.

"फॉर्म भर," त्या म्हणाल्या. "उद्या शेवटची तारीख आहे. आणि प्रवेश झाला की येताना ती माती घेऊन ये."

येताना ती माती घेऊन ये! तृप्तीला हे वाक्य लिहून ठेवावंसं वाटलं. ती व्हरांड्यात आली तेव्हा तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

व्हरांड्याच्या टोकाला विभागातल्या बायकांचं हळदीकुंकू चाललं होतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हे सगळीकडेच चालतं, बँकेत, शाळेत, तलाठ्याच्या कचेरीतसुद्धा, त्यामुळे तृप्तीला नवल वाटलं नाही. छायाबाईंनी तिलाही बोलावलं. तिच्याआधी पिंपळगावहून आलेल्या दोन मुली रांगेत होत्या. त्यांना हळदीकुंकू, तिळगूळ आणि वाण म्हणून एकेक चहाची गाळणी मिळाली. झाडलोट करणाऱ्या चिमणाबाईंनाही गाळणीच मिळाली. तृप्तीची पाळी आली तेव्हा छायाबाईंनी गाळण्यांचं खोकं बाजूला सारलं, पिशवीतून हिरवं खणाचं कापड काढलं, त्यावर नारळ ठेवला आणि तिच्या ओढणीत घातला. मग तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली.

बाकीच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. तृप्तीही हसली. सर्वांना गाळणी आणि मला नारळ, हे तिच्या ध्यानात आलं होतं. आप्पांनी भाजी दिली म्हणून असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि रीतीप्रमाणे वाकून नमस्कारही केला. शहाणी पोर, पण त्या दिवशी तिच्या डोक्यात फक्त माती होती.

निवृत्ती अर्धा-पाऊण तास कुठं दिसत नव्हते. आले ते मिशीवरून हात फिरवत.

"कुठं होता, आप्पा?"

"राहायची सोय बघून आलो. मागच्या अंगाला. चोवीस तास पाणी हाय नळाला. गॅलरीत उभं राह्यलं ना, तर हे तुझं कॉलेज समोर दिसतं. रस्ता वलांडला की झालं."

तृप्तीचा कानांवर विश्वास बसेना. हॉस्टेलला नाही म्हंजी नाही म्हणणारा माणूस स्वतः जाऊन नळाचं पाणी बघून आला होता! "मग आवडलं तुम्हाला?"

"झकास हाय," निवृत्ती म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. सहा महिने आपण या माणसाला मनातल्या मनात काय काय बोललो, याची तिला लाज वाटली. ती म्हणाली, "आप्पा, तुम्ही इथंच थांबा, मी फॉर्म भरून येते," आणि नारळ कापडासकट काखेत मारून निघाली.

तळमजल्यावर मदत कक्ष होता. तिथं संगणकावर फॉर्म भरून देत होते. दीपक जिन्यातच भेटला.

"आलेच मी," तृप्ती म्हणाली. "फॉर्म भरते. मग वडिलांना मागची इमारत नीट दाखवाल का? त्यांनी राहायची सोय बघितली, पण मेस बघितली की नाही कोण जाणे."

"मेस?" दीपकनं विचारलं. "आई घरीच करते ना स्वयंपाक."

"कुणाची आई?"

"माझी." तो तिच्या खांद्याकडे बघत होता. "तुमच्या वडिलांनी आमचं क्वार्टर बघितलं ना आत्ता. आवडलं म्हणाले. तुम्ही… म्हणजे, तुम्ही घरी काय सांगणार आहात? आईनं विचारायला सांगितलं नाही, मीच विचारतोय."

"कशाबद्दल?"

दीपकनं पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघितलं. मग काखेतल्या नारळाकडे. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल होत गेल्या.

"तुम्हाला सांगितलेलं नाही?" तो हळू म्हणाला. "हा बघण्याचा कार्यक्रम होता. आई म्हणाली होती, मुलीला कल्पना आहे. मुलगी हो म्हणाली म्हणूनच येताहेत."

जिन्यातून पोरं वर-खाली करत होती, कुणीतरी "जरा सरका" म्हटलं, ती सरकली. मोरपंखी साडी. आईची कानातली. न चिरलेला कांदा. झेंडूची फुलं. ठेवणीतली टोपी. "आलात? रस्ता सापडला ना?" सगळं एकामागून एक तिच्या अंगावर आलं. ती मोठ्या तोऱ्यात विद्यापीठ बघत फिरत होती, आणि दोन तास ती स्वतःच बघितली जात होती. सूक्ष्मदर्शकात वाकलेली असताना, मॅडमांना उत्तरं देताना, हसताना, चालताना. आणि नारळ तर तिनं वाकून नमस्कार करून घेतला होता.

"मला माहीत असतं तर मी असं…" दीपक बोलत होता. त्याच्यावर रागवावं असं तिला वाटलं, पण राग त्याच्यापाशी थांबेना. ती वळली आणि बाहेर आली.

निवृत्ती झाडाखालच्या बाकावर तिळगूळ चघळत बसले होते.

"आप्पा, तुम्ही मला विकायला आणलं व्हतं का हितं?"

गावाकडची बोली तिच्या तोंडून भसकन बाहेर पडली. निवृत्तीनं दचकून आजूबाजूला बघितलं. "हळू बोल. कोण काय म्हणलं तुला?"

"मला इचारलं का नाय?"

"इचारलं असतं तर आली असती?"

"नसते आले."

"मंग!" निवृत्ती म्हणाले. जणू यानंच सगळं सिद्ध झालं. आणि तिला खरा धक्का बसला तो पुढच्या बोलण्यानं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर ना चोरी होती ना खंत. ते मनापासून समजावत होते. "अगं, तुझ्याच पायी केलं ना सगळं. तुला हितं शिकायचं व्हतं. राहायचं कुठं, हा एवढाच पेच व्हता. सुटला की. पोरगा चांगला, निर्व्यसनी. घर कॉलेजला लागून. द्वारकेला उतरायला नको, हॉस्टेल नको. मी चार महिने शोधत व्हतो, तवा कुठं हे स्थळ सापडलं."

चार महिने. ती घरात पाय आपटत होती तेव्हा हा माणूस तिच्यासाठी विद्यापीठाच्या फाटकाजवळचं सासर शोधत होता. आणि त्याला वाटत होतं की आपण पोरीचा हट्ट पुरवला. तृप्तीला हसावं की रडावं कळेना. छळणारा बाप असता तर तिनं भांडण केलं असतं. या बापाशी कसं भांडायचं?

"आन् शिकणार कधी मी?" तिनं विचारलं.

"शिकवतील की. बाई म्हणल्या, लग्नानंतर शिकू देऊ."

"कधी? उद्या शेवटची तारीख हाय, आप्पा."

"ह्या साली नाय म्हणल्या. पयलं वर्ष घरात रुळू दे. मंग पुढच्या साली, नायतर त्याच्या…" निवृत्ती बोलता बोलता थांबले. तिळगुळाचा दाणा जिभेवर तसाच राहिला.

तृप्तीला पुढचं ऐकायची गरजच उरली नव्हती. तिच्या हातात नारळ होता. चांगला पाणीदार, सोललेला, शेंडी राखलेला. घरी नेला की देव्हाऱ्यात बसणार, आणि एकदा देव्हाऱ्यात बसला की बैठक, मग याद्या, मग तारीख. तो नारळ घरी जाता कामा नये, एवढंच तिला कळलं.

ती विभागाच्या दारापाशी गेली, दगडी पायरीपुढं बसली, हिरवं कापड बाजूला ठेवलं, नारळाची शेंडी उपटली, दोन्ही हातांनी तो डोक्यावर नेला आणि आपटला.

पहिल्या दणक्याला सगळ्या व्हरांड्यानं माना वळवल्या. दुसऱ्याला नारळ तडकला आणि पाण्याची धार उडाली. पिंपळगावच्या मुली तोंडं उघडी टाकून बघत होत्या. निवृत्ती बाकावरून उठले ते उभेच राहिले, टोपी हातात.

"काय झालं गं? काय चाललंय?" छायाबाई धावत आल्या.

"फॉर्म भरतेय," तृप्ती म्हणाली. "चांगल्या कामाला नारळ वाढवायला नको?"

चिमणाबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पायरीवर नारळ फुटला म्हणजे पुढं काय करायचं असतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी झाडू टेकवला, वाटी आणून उरलेलं पाणी धरलं, कुठून तरी सुरी पैदा केली आणि खोबऱ्याचे तुकडे करून ताटलीत ठेवले. साखर मागवली. ताटली तृप्तीच्या हातात दिली.

"अगं, तो ओटीतला नारळ…" छायाबाईंचा चेहरा उतरला होता.

"घ्या काकू. प्रसाद आहे."

आता प्रसादाला नाही कोण म्हणणार? छायाबाईंनी हात पुढं केला. दीपक जिन्याच्या तोंडाशी उभा होता, त्यानं दोन तुकडे उचलले. वरून मॅडम आल्या, त्यांनीही घेतला आणि विचारलं, "कशाचा गं?"

"प्रवेशाचा, मॅडम."

"अजून फॉर्म तरी भरलास का?"

"आत्ता भरते."

शेवटी ती निवृत्तीसमोर गेली. त्यांनी तुकडा घेतला, पण तोंडात घातला नाही. हातात धरून तसेच तिच्या मागं मदत कक्षात आले आणि दारात उभे राहिले. तृप्तीनं नाव घातलं, पत्ता घातला, गुण घातले. मग संगणकानं ओटीपी मागितला, आणि वडिलांच्या बंडीच्या खिशात फोन वाजला. बारावीपासून तिच्या सगळ्या कागदांवर त्यांचाच नंबर होता. हे ती साफ विसरली होती.

दहा मिनिटांची मुदत होती. नारळ फोडता आला, पण वडिलांच्या खिशातला फोन काही आपटून फोडता येत नव्हता.

"आप्पा," ती म्हणाली. एवढंच.

निवृत्तीनं फोन काढला. लांब धरला, जवळ धरला. पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत राहिले. मग फोन तसाच धरून त्यांनी विचारलं, "त्या कोपऱ्यात वांगी का मरत्यात, ते हितं कळंल?"

"कळेल. वेळ लागेल, पण कळेल."

"माझ्या बापाला नाय कळलं ते. मलाबी नाय." त्यांनी वर बघितलं. "मी लय मोठी चूक करत व्हतो का गं?"

"हो," तृप्ती म्हणाली. खोटं बोलायची तिच्यात ताकदच उरली नव्हती.

निवृत्तीनं मान हलवली. मग बाजारात वजन सांगावं तसे एकेक आकडे मोठ्यानं वाचले. सहाही. फॉर्म पुढं सरकला, आणि त्यांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

"आता त्या बाईंना काय सांगू?" चावता चावता त्यांनी विचारलं.

"सांगा, मुलीला कॉलेज पसंत आहे."

"आन् राहायचं?"

"दोन गाड्या. द्वारकेला उतरून."

निवृत्ती हिरवं कापड घेऊन छायाबाईंना परत द्यायला गेले. तृप्ती मोटरसायकलपाशी थांबली. लांबून तिला दिसलं, वडील टोपी काढून काहीतरी बोलत होते, आणि छायाबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. बराच वेळ गेला. ते परत आले तेव्हा हातात भाजीची पिशवी होती, घडी घातलेली.

द्वारकेच्या सिग्नलला पुन्हा पाच मिनिटं अडकले. मांडीवरच्या पिशवीत काहीतरी टोचत होतं, म्हणून तृप्तीनं हात घातला. भाजीची पिशवी रिकामी परत करायची नसते, आणि छायाबाईंनी तेवढ्या अपमानातही ती रीत पाळली होती. आत कागदात बांधलेला मूठभर तिळगूळ होता, आणि सगळ्या मुलींना दिली होती तसली एक चहाची गाळणी.

तृप्ती भर चौकात वडिलांच्या पाठीला डोकं टेकून रडली. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा सिग्नल सुटला होता.